वैमानिक जहांगीर टाटा

थोर पुरुषांच्या चरित्रांत मोठमोठ्या कृत्यांची वर्णने असतात व ती वाचून वाचकाचे मन थक्क होते. परंतु थक्क झालेले मन पुष्कळदा तेथेच थांबते. एवढी कृत्ये आपल्या हातून कोठून होणार, असे म्हणून ते पुस्तक मिटून ठेविते. म्हणून ह्या अंकी एका सुप्रसिद्ध पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थिवाचकांपुढे मांडताना आम्ही त्याच्या कारखान्यांचा व उलाढालींचा विस्तार बाजूस ठेविला आहे, आणि अंगठ्याएवढ्या एका वस्तूभोवती ते चरित्र गुंफण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग. आणि ते पुरुष म्हणजे कैलासवासी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, ज्यांस लोक जे. आर. डी. ह्या तीन अक्षरांनीच ओळखीत असत.

मुंबईकरास हे नाव नवे नाही. कोटातील बॉम्बे हाउस ह्या इमारतीत बसून त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ कारभार पाहिला. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली ज्या सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीतून उभे राहिले, त्या निधीचे ते विश्वस्त होते. गिरगाव, लालबाग, परळ, दादर ह्या भागांत असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातील कोणी आप्त वा शेजारी त्या रुग्णालयाची पायरी चढला नाही. डॉक्टर होमी भाभा ह्यांनी १९४५ साली स्थापिलेली व पुढे कुलाब्यास स्थिरावलेली मूलभूत संशोधनाची संस्थाही त्याच निधीच्या साह्याने जन्मास आली. परंतु ह्या सर्व व्यापांत ज्या एका गोष्टीवर त्यांचे अंतःकरणापासून प्रेम होते, ती म्हणजे विमान होय.

जहांगीर टाटांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरी झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे चुलत नात्यातील आप्त व त्यांच्या उद्योगातील भागीदार होते. आई सुझान ही फ्रेंच होती व लग्नानंतर सूनी ह्या नावाने ओळखली जाई. त्यामुळे मुलांचे बालपण काही फ्रान्सात, काही मुंबईत असे गेले. मुंबईत असताना जहांगीर कोटातील कॅथीड्रल शाळेत शिकत असत. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी ह्या कुटुंबाचे उन्हाळ्यातील घर होते, आणि त्याच गावी लुई ब्लेरिओ ह्या वैमानिकाचेही घर होते. हा ब्लेरिओ म्हणजे २५ जुलै १९०९ रोजी तीन नळकांड्यांच्या अशक्त एंजिनावर भरवसा ठेवून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला पुरुष. त्याची विमाने समुद्रकाठच्या वाळूवर उतरताना पाहून ह्या बालकाच्या मनात जे बीज पडले, ते पुढे कधीही करपले नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी तेथेच त्यांस प्रथम विमानात बसण्याचा योग आला, आणि आपण वैमानिक व्हावयाचे हा त्यांचा निश्चय झाला.

तरुण जहांगीर ह्यांची इच्छा केंब्रिज येथे जाऊन यंत्रविद्या शिकण्याची होती. परंतु ती फळास आली नाही. १९२३ साली मातेचे छत्र हरपले; फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली; आणि १९२५ च्या अखेरीस पित्याने त्यांस मुंबईस बोलावून टाटांच्या पेढीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसविले. पुढच्याच वर्षी पिताही निवर्तला. वयाच्या बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांची व घरच्या देण्याघेण्याची जबाबदारी शिरावर पडलेला हा तरुण पुन्हा विद्यापीठाचे नाव कोठून काढणार? विद्यापीठाची पदवी नसल्याची खंत त्यांस जन्मभर राहिली. पण शिक्षण राहिले म्हणून जिज्ञासा राहिली असे झाले नाही. यंत्र उघडून पाहणे, त्याचा आवाज ऐकून प्रकृती ओळखणे, लहानशा बिघाडाचे मूळ शोधीत जाणे, ही विद्या त्यांनी स्वतःच्या हातांनी व कानांनी संपादन केली.

मुंबईत विमानविद्येचा क्लब निघाला, तेव्हा आपल्या मनोरथाचा मार्ग खुला झालेला पाहून ते तत्काळ तेथे दाखल झाले. जुहूच्या सखल मैदानावर त्यांचे धडे सुरू झाले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या एरो क्लबाने दिलेल्या त्या परवान्यावर १ हा आकडा होता. पुढे संपत्ती, पदव्या व सन्मान त्यांच्याकडे रांगेने आले. परंतु निळ्या बांधणीच्या त्या लहानशा पुस्तिकेइतका आनंद त्यांस दुसऱ्या कशानेही झाला नाही, असे त्यांच्या निकटच्या मंडळींनी लिहून ठेविले आहे.

त्याच सुमारास नामदार आगाखान ह्यांनी एक बक्षीस जाहीर केले. जो हिंदी वैमानिक इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील अंतर एकट्याने, ठराविक मुदतीच्या आत, प्रथम तोडील त्यास ५०० पौंड मिळावयाचे होते. प्रवास कोणत्याही दिशेने केला तरी चालणार होते. तिघे तरुण पुढे आले. मनमोहन सिंग हे पहिले; त्यांनी अंतर तोडले, परंतु वाटेत विघ्ने आल्याने मुदतीची अट त्यांच्या आड आली. दुसरे अस्पी इंजिनीअर, अवघ्या १७ वर्षांचे पारशी तरुण; हे २५ एप्रिल १९३० रोजी लंडनजवळील क्रॉयडन येथून कराचीकडे निघाले. तिसरे आपले चरित्रनायक. हे ३ मे १९३० रोजी कराचीहून उलट दिशेने इंग्लंडकडे निघाले.

दोघांचीही विमाने डी हॅविलंड कंपनीची जिप्सी मॉथ जातीची होती. ही विमाने लाकडी सांगाड्याची, वर कापड ताणलेली व दोन उघड्या बैठकींची असत. विमानात बिनतारी यंत्र नाही, डोक्यावर छप्पर नाही, सोबतीस मनुष्य नाही. एक होकायंत्र, एक नकाशा आणि पुढे गुरगुरणारे चार नळकांड्यांचे एंजिन, एवढाच काय तो संसार. बलुचिस्तान व इराणचा उजाड किनारा, इराकचे वाळवंट, मग इजिप्त, अशा वाटेने जहांगीर टाटा निघाले होते. अशा ठिकाणी एंजिन बंद पडले तर खाली वाळू, डावीकडे समुद्र, आणि मदतीस परमेश्वर.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचा विमानतळ होता. टाटा तेथे उतरले, तो तेथे दुसरे एक जिप्सी मॉथ उभे असलेले त्यांस दिसले. ते अस्पी इंजिनीअर ह्यांचे होते. विमान धडधाकट होते, वैमानिक धडधाकट होता, हवा अनुकूल होती. तरी ते विमान जमिनीस खिळून राहिले होते. कारण त्याच्या एंजिनातील प्लग दगा देत होते आणि बदलावयास जवळ दुसरे नव्हते.

येथे चरित्राचा धागा क्षणभर थांबवून आम्ही हा प्लग म्हणजे काय व त्याच्यावाचून एवढे मोठे काम कसे अडते, हे सांगू इच्छितो. कारण ते कळल्यावाचून पुढील प्रसंगाचे मोल कळणार नाही.

पेट्रोलच्या एंजिनात पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचे मिश्रण नळकांड्यात ओढले जाते, दट्ट्या ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडून ते पेट घेते. ह्या पेटण्याच्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो व त्यायोगे पुढचा पंखा फिरतो. ठिणगी पाडणारा प्लग नळकांड्याच्या डोक्यात पेचाने बसविलेला असतो. त्याच्या मध्यभागी एक धातूची काडी, तिच्याभोवती वीज अडविणारे कवच (त्या काळी हे पुष्कळदा अभ्रकाचे असे), आणि टोकाशी केसभर फट. ह्या फटीतून वीज उडी मारते ती ठिणगी. एंजिनाचा दांडा मिनिटास २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक नळकांड्यात मिनिटास १,००० वेळा मिश्रण पेटावे लागते. जिप्सी मॉथच्या चार नळकांड्यांत प्रत्येकी दोन, असे आठ प्लग असत. म्हणजे मिनिटास ८,००० ठिणग्या. त्यांतली प्रत्येक योग्य क्षणी पडली पाहिजे.

ही वीज येते कोठून? मोटारीत ती बहुधा बॅटरीतून घेतात. विमानात मात्र मॅग्नेटो नावाचे यंत्र असते. त्यात लोहचुंबक व तारेची वेटोळी असून एंजिनाच्याच गतीने ते फिरते. आतील दोन टोके, ज्यांस कारागीर पॉइंट म्हणतात, ती ठराविक क्षणी विलग होतात; त्यासरशी वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, व वाटप करणारी चकती तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगाकडे धाडते. बॅटरी संपली तरी मॅग्नेटो आपले काम करीत राहतो, म्हणून आजही लहान विमानांत बहुधा त्याचाच उपयोग करितात. शिवाय तो एक नसून दोन असतात. प्रत्येक नळकांड्यातील एक प्लग पहिल्या मॅग्नेटोच्या वाट्यास व दुसरा दुसऱ्याच्या. एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसऱ्यावर एंजिन चालते. दोन्ही चालू असता मिश्रण दोन बाजूंनी पेटून अधिक चांगले जळते.

आता बिघाड कसा ओळखावा ते पाहू. उड्डाणापूर्वी वैमानिक विमान जमिनीवर उभे ठेवून एंजिनास वेग देतो, आणि एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहतो. एक बंद होताच फेऱ्यांची संख्या थोडी उतरते. हे स्वाभाविक आहे. किती उतरलेली चालेल ते त्या त्या एंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. ती फाजील उतरली व एंजिन अडखळू लागले, तर त्या मॅग्नेटोकडील एखादा प्लग वा त्याची तार कामातून गेली असे समजावे. एंजिन न अडखळता नुसतेच मंद झाले, तर ठिणगीची वेळ चुकत असल्याचा संशय घ्यावा. आणि संख्या मुळीच उतरली नाही, तर पुष्कळांस वाटते की एंजिन फारच उत्तम आहे. परंतु शहाणा वैमानिक तेथेच सावध होतो. कारण मॅग्नेटोचा खटका घरातील दिव्याच्या खटक्याच्या उलट रीतीने चालतो. दिवा बंद करिताना तार तुटते. मॅग्नेटो बंद करिताना तार एंजिनाच्या अंगास जोडली जाते. ती तार मध्येच तुटलेली असेल तर खटका बंद केला तरी मॅग्नेटो जिवंतच राहतो, आणि उभ्या विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरविला तरी एंजिन धडकन सुरू होऊन त्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, विमान बंद दिसले तरी त्याच्या पंख्यास कधीही हात लावू नये.

दोष कोणत्या बाजूचा हे कळले, तरी चार नळकांड्यांपैकी कोणते, हे उरतेच. त्यासाठी जुन्या फिटर लोकांची एक सोपी युक्ती आहे. दोषी बाजूच्या एकट्या मॅग्नेटोवर एंजिन थोडा वेळ चालवावे, मग ते थांबवून, सर्व खटके बंद करून, प्रत्येक नळकांड्याच्या धुराड्याची नळी जपून चाचपावी. तीन कढत लागतील व एक थंड लागेल. जे थंड तेथे ठिणगी पडली नाही. मग तेथील प्लग पान्याने काढून त्याचे तोंड पाहावे, जसा वैद्य रोग्याची जीभ पाहतो. कोरडी मऊ काजळी धरली असेल तर पेट्रोल फाजील जात आहे किंवा एंजिन फार वेळ मंद चालविले आहे. तोंड काळे व तेलकट ओले असेल तर दट्ट्याच्या कड्यांतून तेल वर येत आहे. राखाडी कठीण गोळे जमले असतील तर शिसेयुक्त पेट्रोलातील शिसे साचले आहे. फट वाजवीपेक्षा रुंद झाली असेल तर झीज झाली आहे. आणि कवचास तडा गेला असेल तर तो प्लग संपला, त्यास औषध नाही.

तरीही निर्णयाची घाई करू नये. संशयित प्लग दुसऱ्या नळकांड्यात घालावा व तेथला ह्याच्या जागी आणावा, आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. दोष प्लगाबरोबर हलला तर प्लगच अपराधी. जागच्या जागी राहिला तर तार, वाटप करणारी चकती किंवा नळकांडे ह्यांकडे पाहावे. आपल्या मुंबईसारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तारेच्या आवरणात ओल शिरते व वीज प्लगापर्यंत न पोहोचता वाटेतच निसटते. अशा वेळी निर्दोष प्लग उगाच फेकून दिले जातात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडला ते नीट पाहावे, हा ह्या विद्येचा मूलमंत्र आहे. लालबाग-परळच्या गिरण्या धडधडत होत्या त्या काळी शेकडो साच्यांच्या खडखडाटात एक साचा बिघडला तर जाणत्या जॉबरच्या कानास ते तत्काळ उमजे. त्याची विद्या व वैमानिकाची विद्या एकाच कुळातली.

एक प्लग बिघडला तर त्याचा जोडीदार काम निभावून नेतो. परंतु एकाच नळकांड्याचे दोन्ही बिघडले, तर चार बैलांच्या नांगराचा एक बैल खाली बसावा तशी अवस्था होते. शक्तीचा चौथा हिस्सा जातो, आणि थरथराटाने बाकीच्या यंत्रास धक्के बसतात ते निराळेच. अशा स्थितीत समुद्रावर वा वाळवंटावर झेप घेणे म्हणजे आत्मघातच. काजळी धरलेला प्लग घासूनपुसून पुन्हा चालतो. निकामी झालेला प्लग मात्र बदलावाच लागतो. सावध वैमानिक म्हणूनच जादा प्लग बरोबर बाळगतो.

असे जादा प्लग जहांगीर टाटांजवळ होते. आता त्या क्षणाचा विचार करावा. समोर उभा असलेला तरुण त्यांचा प्रतिस्पर्धी होता. त्याचे विमान अडले होते. आपले सज्ज होते. बक्षीस एकच होते व ते पहिल्या येणाऱ्यासच मिळावयाचे होते. प्लग न देण्यात कोणताही नियमभंग नव्हता. पुढे आपणांसच त्यांची गरज लागेल असे म्हणता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते, कारण त्यांस स्वतःस अद्याप भूमध्य समुद्र ओलांडून युरोप गाठावयाचे होते. तरी त्यांनी आपल्याजवळचे प्लग काढून अस्पींच्या हाती ठेविले. अस्पींचेही मन तेवढेच मोठे. त्यांनी उपकाराची फेड म्हणून पाण्यात पडल्यास प्राण वाचविणारे आपले जाकीट टाटांस दिले. कारण त्यांचा समुद्र मागे पडला होता व टाटांचा पुढे होता. एकाने दुसऱ्याच्या एंजिनाची चिंता केली, दुसऱ्याने पहिल्याच्या जिवाची. मग दोघे आपापल्या दिशेस उडाले.

यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या वाटसरूचा दृष्टान्त आमच्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. याजक व लेवी हे दुष्ट होते असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. त्यांस बहुधा घाई होती. शोमरोनी मनुष्यास घाई नव्हती असेही नाही. परंतु तो थांबला. अबुकीरच्या विमानतळावर ज्याला सर्वांत अधिक घाई होती तोच थांबला, हे विसरता कामा नये.

परिणाम काय झाला? ११ मे १९३० रोजी अस्पी इंजिनीअर कराचीस उतरले. जहांगीर टाटा इंग्लंडास पोहोचले तेव्हा बक्षीस दुसऱ्याचे झाले होते. थोडक्या वेळाच्या अंतराने ते हुकले. परंतु त्यांनी त्याचे कधी दुःख केले नाही. अस्पींस त्या यशामुळे वायुदलात प्रवेश मिळण्यास साह्य झाले, ह्याचाच त्यांस आनंद वाटे. पुढे हेच अस्पी इंजिनीअर १९६० ते १९६४ ह्या काळात स्वतंत्र भारताच्या वायुदलाचे प्रमुख झाले. बक्षिसाचे ५०० पौंड केव्हाच खर्चून गेले असतील. परंतु त्या प्लगांनी पेटविलेली ठिणगी देशाच्या कामी तीस वर्षांनंतरही तेवत होती.

ह्यानंतर दोन वर्षांनी जहांगीर टाटांनी ते कार्य आरंभिले ज्यामुळे हिंदी विमानवाहतुकीचे जनक असे त्यांस म्हणतात. नेव्हिल व्हिन्सेंट ह्या वैमानिक मित्राच्या सूचनेवरून टाटांच्या पेढीने टपाल वाहून नेण्याची हवाई सेवा काढिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर टाटा पुस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादेस उतरले, तेथे बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून घेतले, आणि त्याच दिवशी दुपारी जुहूस पोहोचले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासेकडे गेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असे, तेव्हा सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. तरीसुद्धा पहिल्या वर्षात एकही टपाल चुकले नाही. ज्या सेवेत मूठभर माणसे, एक-दोन विमाने व सह्याद्रीचा पाऊस, तेथे हे साधले कसे? कोणताही बिघाड क्षुल्लक मानावयाचा नाही, व उड्डाणापूर्वीची परीक्षा एक दिवसही टाळावयाची नाही, ह्या शिस्तीने साधले, असे आम्हांस वाटते.

ही शिस्त त्यांच्या अंगी शेवटपर्यंत टिकली. १९३८ साली, वयाची ३४ वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले, व १९९१ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांची हवाई सेवा १९४६ साली एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. १९५३ साली सरकारने ती राष्ट्राच्या मालकीची केली, तरी अध्यक्षपद त्यांच्याकडेच ठेविले. एवढ्या पदावरचा पुरुष विमानातून प्रवास करिताना काय पाही? चहाकॉफीची चव, पडद्यांचा रंग, खुर्चीची पाठ नीट मागे झुकते की नाही, कोठे धूळ साचली आहे काय! उतरल्यावर ह्या सर्वांची टिपणे संबंधितांकडे जात. काहींस ही फाजील चौकसगिरी वाटे. परंतु ज्याने अंगठ्याएवढ्या प्लगांच्या बिघाडाने सारे विमान अडलेले पाहिले आहे, त्यास लहान दोष लहान कसा वाटावा?

१९७८ साली तत्कालीन सरकारने त्यांस एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. ४५ वर्षे जोपासलेले अपत्य असे अवचित हातून काढून घेतले जावे, हा घाव खोल होता. त्यांनी तो संयमाने सोसला, आणि कर्मचाऱ्यांस आपले काम नेटाने चालू ठेवण्याविषयीच सांगितले. चार वर्षांनी, पहिल्या टपालास ५० वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, हा वृद्ध वैमानिक जुन्या लेपर्ड मॉथ विमानात बसून कराचीहून मुंबईस पुन्हा आला. त्या विमानाचे एंजिनही त्याच जिप्सी कुळातले, चार नळकांड्यांचे व आठ प्लगांचे. नव्या पिढीच्या मनात साहसाची आवड जागी व्हावी, हा त्या उड्डाणाचा हेतू होता.

१९९२ साली राष्ट्राने त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे त्यांचे देहावसान झाले, व ज्या पॅरिस शहरी ते जन्मले त्याच शहरी त्यांस चिरविश्रांती मिळाली. त्यांची एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत पुन्हा टाटांच्या घरी परतली. ते पाहण्यास ते नव्हते.

आता आमच्या तरुण वाचकांस दोन शब्द सांगून ही लेखणी खाली ठेवितो. तुम्हांपैकी कोणी पुढे विमान चालवील, कोणी कारखान्यात फिटर होईल, कोणी रुग्णाची नाडी पाहील. काम कोणतेही असो, बिघाड आला असता घाबरू नये, कोणावर उगाच दोष टाकू नये. एकेक गोष्ट शांतपणे तपासीत जावे, म्हणजे थंड पडलेले नळकांडे हाती लागतेच. ही बुद्धीची शिकवण झाली. पण बुद्धीने जपून ठेविलेले जादा प्लग दुसऱ्याची गरज दिसताच हाताबाहेर काढणे, ही अंतःकरणाची शिकवण आहे, आणि ती अधिक कठीण आहे. परीक्षेच्या दिवशी शेजारच्या बाकावरील मुलाची लेखणी मोडली तर आपल्याजवळची दुसरी त्याला द्यावी की नाही, एवढ्याशा प्रश्नातही अबुकीरचा तो विमानतळ उभा असतो. जहांगीर टाटांनी तेथे काय केले, ते तुम्हांस ठाऊक झाले आहे.